कुसुंबीच्या रानातलं किड्यांचं घर

मी एक जुनं घर आहे, मित्रांनो; पण माझ्यात माणूस कधी राहिला नाही. माझी रुंदी दीड हात, उंची हातभर. पोटात शंभरावर बांबूच्या नळ्या एकावर एक रचलेल्या आणि डोक्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा. माझ्याकडे राहायला आल्या त्या रानातल्या माश्या, मातीची मडकी घडवणाऱ्या कुंभारणी, आणि थंडीत निवारा शोधत फिरणारे बारीकसारीक किडे. आज मी पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका प्राथमिक शाळेच्या भिंतीवर आहे. माझ्या निम्म्या नळ्या उलल्या आहेत. माझी हकिकत थोडी कडू आहे. पण ती सांगताना मी कुणाला झाकणार नाही.

मला बनवलं जनू गुरुजींनी. त्यांचे वडील मिठागरावर राबले. गुरुजी त्या घरातले पहिले मास्तर झाले आणि बायकामुलांसह पेणला दोन खोल्यांत राहू लागले. बायकोचं नाव चंद्रावती. मोठी मुलगी भूमिका दहा वर्षांची, धाकटा प्रणित सहाचा.

गुरुजींना किड्यांचा नाद लागला तो शाळेतल्या खुर्चीमुळे. खुर्चीच्या हाताला एक भोक होतं. एका कुंभारीण माशीनं ते चिखलानं लिंपून टाकलं. गुरुजींनी कुतूहलानं तो चिखल उकरला, तर आत पाचसहा हिरव्या अळ्या ठेवलेल्या आणि टोकाला एक इवलंसं अंडं. जन्माला येणाऱ्या बाळासाठी आईनं आधीच भरून ठेवलेली ती शिदोरी होती. गुरुजी तास विसरून बघत बसले. मग त्यांनी भोक पुन्हा मातीनं बंद केलं आणि महिनाभर त्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही.

पुढे एका मासिकात त्यांनी वाचलं, की बांबूच्या नळ्या जुळवून एकेकट्या राहणाऱ्या माश्यांना घर करून देता येतं. १९९४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत ते कामाला लागले. आंब्याच्या जुन्या पेटीच्या फळ्या आणल्या. बांबू पेराशी कापले, म्हणजे प्रत्येक नळी एका बाजूनं बंद आणि एका बाजूनं उघडी राहिली. काही नळ्या पेन्सिलीएवढ्या, काही अंगठ्याएवढ्या. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांना काय तोटा! शेजारच्या कारखान्यातून भूमिका शाडूचा एक गोळा घेऊन आली आणि माझ्या सगळ्या फटी तिनं बोटानं लिंपल्या. पत्र्याच्या कडा बोटं कापतील म्हणून चंद्रावतीनं दगडानं ठोकून आत वळवल्या. प्रणितनं काय केलं? त्यानं प्रत्येक नळीत तोंड घालून "कोण हाय का घरात?" असं विचारलं.

रोह्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक रान होतं. कुसुंबाची मोठी झाडं होती, म्हणून लोक त्याला कुसुंबीचं रान म्हणत. ती जमीन मोरोपंतांची. मोरोपंत रोह्याचे, मोठ्या घरचे, शिस्तीचे आणि थोडे तापट. कुऱ्हाड लागू नये म्हणून त्यांनी एक मंडळ स्थापून ते रान राखलं होतं. राखणीला काळुराम होता. डोंगरातल्या वाडीवरचा, तिशीचा, बोलायला अगदी कमी. पायवाटा झाडायच्या, वणवा अडवायला गवताचे पट्टे जाळून जाळरेषा काढायच्या, आल्यागेल्यांना वाट दाखवायची, हे त्याचं काम.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काळुरामनं मला एका कुसुंबाशेजारी खांब रोवून त्यावर बसवलं. माझं तोंड त्यानं उगवतीकडे केलं. "सकालचं ऊन लागलं का माशी लवकर कामाला लागते," एवढंच तो म्हणाला. गुरुजींनी वाचलेल्या लेखात हेच होतं. काळुरामनं मात्र ते वाचलेलं नव्हतं.

मित्रांनो, त्यानंतरचे सहा महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. जवळजवळ दर रविवारी ते चौघं यायचे. करवंदीच्या जाळीखाली पांढरी चादर पसरायची, काठीनं फांदी हलकेच झाडायची, आणि चादरीवर काय काय पडायचं! काडीकिडे, सोनकिडे, पाठीवर ढाल घेतलेले ढेकूण, डोळे वटारून बघणारे नाकतोडे. सुरुवातीला चंद्रावती पदर सावरून लांब उभी राहायची. पण खाडीत चिंबोऱ्या पकडून मोठी झालेली बाई ती; तिचा हात चपळ आणि नजर तिखट. महिनाभरात सगळ्यात जास्त किडे तिलाच दिसायला लागले. "अगो, ती काडी नाय, तिला पाय हायेत बघ!" असं ती ओरडली, की पोरं धावायची. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीत किडा घटकाभर ठेवायचा, नीट बघायचा आणि ज्या झाडावरून आला त्याच झाडावर सोडायचा, हा भूमिकाचा नियम होता. तो गुरुजींनाही मोडता येत नसे.

आणि माझ्याकडे? माघ लागला तशी पहिली माशी आली. पानाचे गोल तुकडे कातरून ती आणायची आणि त्यांची गुंडाळी करून नळीत सरकवायची. मग कुंभारणी आल्या. एकेक नळी भरत गेली, एकेक तोंड बंद होत गेलं. भूमिका मोजायची. चैत्र संपेतो एकतीस नळ्या बंद झाल्या होत्या. म्हणजे एकतीस आया माझ्यावर भरवसा टाकून गेल्या होत्या. मला मोठा अभिमान वाटत होता.

माझ्या तोंडाकडे सगळ्यांचं लक्ष होतं. माझ्या पाठीकडे मात्र एकट्या काळुरामचं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, मागच्या अंगाला गांधील बसलीय. अजून सुपारीएवढंच पोळं हाय. धूर दिऊन काढून टाकतो."

गुरुजी मागे आले. माझ्या छपराखाली, सावलीत, गांधीलमाश्यांनी करड्या कागदासारखं पोळं धरलं होतं. लाकूड चावून चावून त्या तो कागद बनवतात. गुरुजींचे डोळे चमकले.

"नको रे काळुराम. त्या पण राहायलाच आल्यात ना? राहू दे. पोरांना दाखवू, कागदाचं घर कसं असतं ते."

"चावली म्हंजे लय वाईट, गुरुजी."

"आपण नाय छेडलं तर ती कशाला चावेल?"

भूमिका तिथेच होती. प्रणित तिच्या मागे. भूमिका म्हणाली, "बाबा, पण कुणी मागं गेलं तर?"

"पाटी लावू. 'मागे जाऊ नये.' पुढच्या रविवारी लिहून आणतो."

पुढचा रविवार लग्नात गेला. ती पाटी लिहायची राहून गेली.

तिसऱ्या रविवारी मोरोपंत स्वतः आले. त्यांची नात इशिता पनवेलहून सुट्टीला आली होती. सात वर्षांची, दोन वेण्या, पायांत नवे सँडल. मोरोपंतांना माझं कौतुक होतं. नातीला दाखवायला म्हणून त्यांनी गुरुजींना मुद्दाम बोलावलं होतं. गुरुजी रंगून सांगत होते. पान कातरणारी माशी कशी, कुंभारीण कशी. तिकडे चंद्रावती जाळीपाशी चादर पसरत होती. काळुराम ओढ्यावर पाणी आणायला गेला होता. इशिता ऐकता ऐकता कंटाळली आणि एका फुलपाखरामागे माझ्या पाठीशी आली.

पोळं तोवर करवंटीएवढं झालं होतं. तिनं ते पाहिलं. तिला ते वाळलेलं फूल वाटलं असावं. तिनं हातातली काडी पुढे केली.

मला तोंड नाही, मित्रांनो. शंभर तोंडं असून मला एक शब्द बोलता आला नाही.

तिची किंकाळी ऐकून सगळे धावले. गांधिलींनी तिच्या गालावर, मानेवर, कानामागे डंख केले होते. चंद्रावतीनं चादर तिच्यावर टाकली आणि तिला ओढून बाजूला काढलं. बघता बघता तिचं तोंड सुजलं, ओठ निळसर झाले आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मोरोपंत नुसत्या तिच्या नावानं हाका मारत होते. गुरुजी "पाणी, पाणी" म्हणत होते. ओढ्यावरून काळुराम आला तो कळशी टाकूनच. त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि सडकेकडे धूम ठोकली. अंगावर माश्या तुटून पडत होत्या, पण त्यानं हात वर केला नाही. पाऊण मैल पळत जाऊन त्यानं विटांचा ट्रक अडवला. रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सुई दिली. अजून थोडा उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाल्याचं मी मागाहून ऐकलं.

संध्याकाळी काळुराम परत आला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. त्यानं धूर दिला, पोळं काढलं आणि माझ्या खांबाशी बराच वेळ बसून राहिला. त्याला किती डंख झाले, हे कुणीच विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी इशिता शुद्धीवर आली, बोलती झाली. चौथ्या दिवशी मोरोपंतांनी गुरुजींना आणि काळुरामला माझ्यासमोर बोलावलं. गुरुजींबरोबर भूमिका हट्टानं आली होती.

मोरोपंतांनी माझ्या पाठीकडे बोट केलं. "काळुराम, तू इथे रोज झाडतोस. एवढं मोठं पोळं तुला दिसलं नाही?"

"दिसलं व्हतं."

"मग काढलं का नाहीस?"

काळुरामनं मान वळवून गुरुजींकडे पाहिलं. तो नुसता वाट बघत उभा राहिला. गुरुजींच्या ओठांची हालचाल झाल्यासारखी मला वाटली. भूमिकानं वडिलांचा सदरा मागून ओढला. एकदा, मग दुसऱ्यांदा. गुरुजी जमिनीकडे बघत राहिले.

"माझी नात गेली असती," मोरोपंत म्हणाले. "उद्यापासून इथे येऊ नकोस. आणि ही पेटी जाळून टाक."

तेव्हा कुठे गुरुजींना वाचा फुटली. ते म्हणाले, "पेटी मी नेतो."

काळुराम पाठ फिरवून निघाला. वाटेवर त्याचा खराटा पडला होता. तो त्यानं उचलला, झाडाला टेकवून नीट उभा केला आणि मग गेला.

गोणपाटात गुंडाळून गुरुजींनी मला एस.टी.च्या टपावरून पेणला आणलं आणि घराच्या मागच्या पडवीत ठेवलं. माझ्या पोटातल्या एकतीस नळ्या अजून बंदच होत्या. पण त्या मोजायला भूमिका आली नाही. ती वडिलांशी बोलेनाशी झाली. ताट वाढलं की जेवायची, हाक मारली की यायची, पण तोंडातून शब्द नाही. गुरुजी दिवसातून दोनदा माझ्यापाशी येऊन बसत आणि काहीच न बघता उठून जात.

चंद्रावतीला काळुरामचं काम गेल्याचं ठाऊक होतं, पण कशामुळे ते पुरतं ठाऊक नव्हतं. त्या पहिल्या रविवारी ती लांब जाळीपाशी होती. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती आणि प्रणित माझ्याजवळ खेळत होता. तो सहज म्हणाला, "आई, काळुराम काका पोळं काढणार व्हता. बाबांनीच नको सांगितलं."

चंद्रावतीचे हात थांबले. "कधी?"

"सुपारीएवढं व्हतं तवा."

तिनं सूप खाली ठेवलं. गुरुजी आत वाचत बसले होते. तिनं त्यांना बाहेर बोलावलं. आरडाओरड केली नाही.

"प्रणित सांगतो ते खरं हाय का?"

गुरुजींनी होकाराची मान हलवली.

"आणि तुमी त्या मानसाला तसंच जाऊ दिलात?"

"मला भीती वाटली गो. पोर मेली असती तर... मोरोपंतांनी तक्रार केली असती तर माझी नोकरी..."

"तुमची नोकरी." चंद्रावती म्हणाली. "त्या मानसानं डंख खात पोर उचलून पलवली. आणि तुमी काय उचललात? पेटी!"

गुरुजी तिथेच खाली बसले. मी त्यांना रडताना पाहिलं. माझ्या फळ्या त्यांनी ज्या हातांनी जोडल्या होत्या, त्या हातांत त्यांनी तोंड लपवलं होतं. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांची कीवही येत होती. तुम्हांला असं कधी झालं आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते रोह्याला गेले. भूमिकाला त्यांनी विचारलं नाही. तीच चप्पल घालून दारात उभी राहिली. तिथे काय झालं, ते तिनं संध्याकाळी पडवीत प्रणितला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

गुरुजींनी मोरोपंतांना सगळं सांगितलं. काही राखलं नाही. मोरोपंतांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, पोळं राहू दिलंत ती चूक मी समजू शकतो. माणसाची चूक होते. पण त्या दिवशी मी तुमच्यासमोर त्याला घालवलं. माझ्या हातून अन्याय होताना तुम्ही बघत राहिलात." पुढे ते म्हणाले, "त्याला घेऊन या. मी त्याची क्षमा मागेन."

मग ते बापलेक वाडीवर गेले, तर काळुरामच्या झोपडीचं दार बांधलेलं. शेजारच्या सीताबाईनं सांगितलं, की बायको आणि पोरीला घेऊन तो डोलवीकडे गेला. तिथल्या मोठ्या कारखान्यात कुठल्यातरी ठेकेदाराकडे मालाच्या चढउताराचं काम मिळेल असं ऐकून. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.

परतीच्या गाडीत गुरुजींनी विचारलं, "भूमिका, आता तरी बोलशील ना?"

ती म्हणाली, "काळुराम काका भेटल्यावर."

गुरुजी पुढचे चार रविवार डोलवीला गेले. शिफ्ट सुटताना कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत. शेकडो माणसं धुळीनं माखून बाहेर पडत. त्यांत काळुराम नव्हता, किंवा असला तरी ओळखू आला नाही. घरात हळूहळू बोलणं सुरू झालं, कारण एका घरात किती दिवस गप्प राहणार? पण चादर घेऊन किडे बघायला भूमिका पुन्हा कधी गेली नाही. त्या पावसात माझ्या एकतीस नळ्यांपैकी सव्वीसांची तोंडं आतून फुटली. ओले पंख वाळवत नव्या माश्या पडवीतून उडून गेल्या. बघायला एकटे गुरुजी होते.

पुढे गुरुजींनी मला आपल्या शाळेत आणलं आणि व्हरांड्याच्या भिंतीवर टांगलं. माझ्या तळाशी त्यांनी पाटी लिहिली आणि माझी मागची बाजू रोज तपासण्याचं काम स्वतःकडे ठेवलं. दर वर्षी नव्या मुलांना ते माझी गोष्ट सांगत. त्या गोष्टीत एक पोळं असे, एक मुलगी असे, पळणारा राखणदार असे. "एका माणसानं पोळं राहू दिलं," असं ते म्हणत. तो माणूस कोण, हे मात्र सांगत नसत. मी भिंतीवरून ऐकत असे आणि प्रत्येक वेळी मला वाटे, आज सांगतील.

१९९७ च्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा एक माणूस सात वर्षांच्या मुलीचा हात धरून व्हरांड्यात आला. अंगावर कामगाराचा मळका सदरा होता. त्यानं आधी मला पाहिलं आणि जागीच थांबला. मग गुरुजी बाहेर आले.

तो काळुराम होता.

गुरुजींच्या हातातला खडू खाली पडला. "काळुराम, मी तुला किती शोधलं..."

"पोरीचं नाव घालायचं हाय. मैना." काळुराम शांतपणे म्हणाला. "आता इथंच खोली घेतलीय. तुमी या शालेत हायेत हे ठाव नव्हतं."

"काळुराम, मी मोरोपंतांना सगळं सांगितलं. त्यांनी तुला परत बोलावलंय. माझं चुकलं रे. मला माफ कर."

काळुरामनं पडलेला खडू उचलून त्यांच्या हातात दिला.

"कामाचं काय नाय, गुरुजी," तो म्हणाला. "काम मिलतं. पन त्या दिवशी मी तुमच्याकडं बघत व्हतो. मला वाटलं, मास्तर हाय, बोलंल. रानातनं खाली उतरतानापन मी कान दिऊन व्हतो, का मागनं हाक येल. सडकेला लागेतो कान दिऊन व्हतो."

त्यानं मैनाला पुढे केलं.

"मी आता रानात जायचा नाय. पोरीला शिकवा." एवढं बोलून त्यानं मैनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो कामाला निघून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. नाही केलं असंही म्हणाला नाही.

त्या दिवशी गुरुजींनी मुलांना व्हरांड्यात बसवलं. पहिल्या रांगेत मैना होती. गुरुजींनी माझी गोष्ट सुरू केली. पोळ्यापाशी येऊन ते अडखळले. त्यांनी मैनाकडे पाहिलं.

"पोळं राहू दे असं सांगणारा तो माणूस मी," ते म्हणाले. "आणि जो पोरीला घेऊन पळाला, ज्याचं काम माझ्या गप्प राहण्यानं गेलं, तो या मैनाचा बाप. त्याचं नाव काळुराम."

मैना वळून सगळ्यांकडे बघू लागली. तिच्या बापानं तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. हळूहळू तिची मान ताठ झाली. मग तिनं गुरुजींना विचारलं, "मंग तुमी तवा का नाय बोललात?"

"भ्यालो होतो, बाळ," गुरुजी म्हणाले.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझ्याकडे वर्षाला चारपाच माश्याच येतात. पण माझं एक मागणं आहे. तुम्ही खुशाल किडे बघा, त्यांना घरं बांधून द्या, जे झाडावरून आणाल ते झाडावर सोडा. मात्र एकदा घर बांधलंत, की त्यात कोण येतं, कुठे बसतं आणि त्यानं कुणाला इजा होईल का, हे बघायचं काम तुमचं. ते राखणदारावर ढकलू नका. आणि बघूनही चुकलंत, तर जो तुमच्यासाठी गप्प उभा आहे, तो पाठ फिरवण्याआधी बोला. नंतर बोलायला गाडीनं जावं लागतं, फाटकाबाहेर उभं राहावं लागतं, आणि तरी तो माणूस दोन वर्षं सापडत नाही.